साडेचोवीस कोटींचा उजवा हात

"दाजी, म्हंजे ह्यो गडी घरी बसून पगार घेतोय?"

२०२३ चा उन्हाळा. सांगलीहून आलेल्या मेहुण्याला मी वॉशिंग्टनच्या नॅशनल्स पार्कमध्ये बेसबॉल दाखवायला नेलं होतं. तिकिटं सगळ्यात वरच्या मजल्यावरची, म्हणजे आपल्या ऐपतीतली. पुढच्या रांगेत एक आजोबा बसले होते. त्यांच्या पाठीवर ३७ हा आकडा आणि वर स्ट्रासबर्ग हे नाव. मेहुण्याने विचारलं, हा कोण, आज आहे का मैदानात? मी सांगितलं, हा या संघाचा सगळ्यात महागडा खेळाडू. वर्षाला साडेतीन कोटी डॉलर. गेल्या जूनमध्ये एकदाच खेळला, त्याआधी वर्षभर नाही, आणि आता बहुधा कधीच नाही. त्यावर तो प्रश्न आला, आणि पाठोपाठ शेराही: "असले आमच्या कारखान्यातबी दोन-चार हायत, पर साडेतीन कोटी कोण देत न्हाय."

मी हसलो. उत्तर मात्र त्या दिवशी जमलं नाही. जमलं नाही याचं कारण असं की तो जे म्हणत होता तेच इथले रेडिओवाले, पेपरवाले आणि माझ्या ऑफिसातले निम्मे लोक म्हणत होते. 'खेळातले सर्वांत वाईट करार' अशी यादी कोणी काढली की स्टीफन स्ट्रासबर्गचं नाव त्यात असतंच. संघाने जुगार खेळला आणि तो फसला, हे मलाही मान्य आहे. फसल्याची पावती फाडताना मात्र लोक भलत्याच माणसाच्या नावाने फाडतात.

ज्यांनी बेसबॉल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. स्टार्टिंग पिचर म्हणजे सामन्याची सुरुवात करणारा गोलंदाज. फरक एवढाच की दुसऱ्या टोकाला त्याला जोडीदार नसतो आणि षटकांची मर्यादाही नसते. दमेपर्यंत किंवा मार खाईपर्यंत त्याने एकट्याने टाकत राहायचं. एका सामन्यात नव्वद-शंभर चेंडू, त्यातले बरेचसे जिवाच्या करारावर, मग चार दिवस विश्रांती आणि पाचव्या दिवशी पुन्हा उभं राहायचं. इनिंग म्हणजे तीन बॅटर बाद होईपर्यंतचा डाव. सामन्यात अशा नऊ. पिचरचं आयुष्य इनिंगमध्ये मोजतात, बादांच्या हिशेबाने अगदी तिसऱ्या हिश्शापर्यंत.

९ डिसेंबर २०१९ रोजी वॉशिंग्टन नॅशनल्सने स्ट्रासबर्गशी सात वर्षांचा, २४ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला. तोवर कुठल्याही पिचरला एवढी रक्कम मिळाली नव्हती. हा विक्रम दोन दिवसही टिकला नाही, कारण लगेच न्यूयॉर्क यांकीजने गेरिट कोल या पिचरला नऊ वर्षांसाठी ३२ कोटी ४० लाख देऊ केले. पण तो वेगळा विषय. स्ट्रासबर्गचं पुढे काय झालं ते थोडक्यात असं. २०२० मध्ये अंगठा बधिर पडू लागला. दोन सामन्यांनंतर मनगटातल्या नसेवर शस्त्रक्रिया. २०२१ मध्ये पाच सामने, मग थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम. हासळी आणि पहिली बरगडी यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीतून हाताकडे जाणाऱ्या नसा आणि रक्तवाहिन्या असतात, त्या आवळल्या जातात. इलाज म्हणजे बरगडी कापून वाट मोकळी करायची. तेही केलं. २०२२ च्या जूनमध्ये मायामीत एक सामना, पाच इनिंगही पुऱ्या नाहीत, सात धावा दिल्या. तो शेवटचा. सात वर्षांच्या करारात एकूण आठ सामने, ३१⅓ इनिंग, त्याच्या नावावर एक विजय, चार पराभव.

भागाकार सगळ्यांनी केला: इनिंगमागे ७८ लाख डॉलर. माझ्या मेहुण्याने तो फोनवर तिथल्या तिथे केला आणि रुपयांत करून आणखी एकदा डोळे मोठे केले.

हा भागाकार बरोबर आहे. फक्त खाली चुकीची संख्या घेतली आहे.

योग्य संख्या सापडायला २०१२ पर्यंत मागे जावं लागतं. स्ट्रासबर्ग या संघात आला तो २००९ च्या ड्राफ्टमधला, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडायच्या कार्यक्रमातला, पहिल्या क्रमांकाचा खेळाडू म्हणून. ८ जून २०१० ला पिट्सबर्गविरुद्ध त्याचा पहिला सामना: सात इनिंग, १४ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक, म्हणजे हुकलेले किंवा सोडून दिलेले बरोबर चेंडू, झाले की बॅटर बाद), एकालाही वाइड चेंडूंवर फुकट बेस नाही, शेवटचे सात बॅटर ओळीने स्ट्राइकआउट. वॉशिंग्टनमध्ये बेसबॉल परत येऊन तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती, संघ तळाला असायचा, आणि अचानक गावाला हा मुलगा मिळाला. ऑगस्टमध्ये कोपराचा अस्थिबंध गेला. टॉमी जॉन सर्जरी झाली. अंगातली दुसरीकडची कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, काढून कोपरात बसवतात. १९७४ मध्ये डॉक्टर फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन नावाच्या पिचरवर ती पहिल्यांदा केली, म्हणून हे नाव. बरं व्हायला वर्ष जातं.

२०१२ मध्ये संघाने आधीच जाहीर केलं होतं की या हाताला या वर्षी मर्यादा असेल. ७ सप्टेंबरला त्याचा शेवटचा सामना झाला, १५९⅓ इनिंग झाल्या होत्या, आणि जनरल मॅनेजर माइक रिझो यांनी त्याला बसवलं. संघ त्या वर्षी ९८ सामने जिंकून प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, गेला. त्या शहराचा संघ प्लेऑफमध्ये जाण्याची ती १९३३ नंतरची पहिली वेळ. सेंट लुइस कार्डिनल्सशी निर्णायक पाचवा सामना. वॉशिंग्टन ६-० ने पुढे, शेवटच्या इनिंगला ७-५ ने पुढे, विजय एका स्ट्राइकवर आला आणि ९-७ ने हरले. स्ट्रासबर्ग डगआउटमध्ये, मैदानाकडेच्या बाकड्यावर, बसून पाहत होता.

तेव्हा रिझोंची जी टिंगल झाली ती मला आठवते. हात काचेच्या कपाटात ठेवण्यासाठी आहे का, इथपर्यंत लोक बोलले. माझा एक शेजारी, एरवी शांत माणूस, म्हणायचा की संधी वारंवार येत नाही, हात गेला तर गेला. त्याच शेजाऱ्याने २०२२ मध्ये मला ७८ लाखांचा भागाकार ऐकवला. एका शहराने एका हाताला दहा वर्षांत दोनदा नावं ठेवली, एकदा वापरला नाही म्हणून आणि एकदा वापरून संपला म्हणून. मधल्या २०१९ ची मात्र कोणी बेरीज करत नाही.

ती करू. २०१९ चा संघ मे महिन्यात १९ विजय, ३१ पराभव अशा गाळात होता. तिथून वर आला. स्ट्रासबर्गने साखळीत २०९ इनिंग टाकल्या, नॅशनल लीगमध्ये (इथल्या मोठ्या बेसबॉलच्या दोन गटांपैकी एकात) सर्वांत जास्त. मग ऑक्टोबर. बाद फेरीच्या पहिल्या सामन्यात तीन इनिंग मध्येच बदली पिचर म्हणून येऊन टाकल्या, हे त्याचं कामही नव्हतं. त्यानंतर लॉस एंजेलिस डॉजर्सविरुद्ध दोनदा, सेंट लुइसविरुद्ध एकदा, वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अंतिम मालिकेत, ह्यूस्टनविरुद्ध दोनदा. पाच विजय, शून्य पराभव, ३६⅓ इनिंग.

वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना, २९ ऑक्टोबर, ह्यूस्टनमध्ये. वॉशिंग्टन हरलं तर मालिका संपली. पहिल्याच इनिंगमध्ये ह्यूस्टनने दोन धावा काढल्या, आणि फटके असे होते की पुढचा चेंडू कोणता येणार हे त्यांना आधीच ठाऊक असावं. पिचिंग कोच पॉल मेनहार्ट यांनी स्ट्रासबर्गला सांगितलं, तू चेंडू पकडताना काहीतरी दाखवून देतोयस. बोटांची पकड बदलली की हातमोजा किंचित हलतो, तेवढ्यावरून बॅटर ओळखतात. मग या माणसाने काय केलं? प्रत्येक चेंडूआधी हातमोजा मुद्दाम थरथरवायला लागला. वेगवान असो की वळणारा, मोजा थरथरणारच, आता ओळखा. त्यानंतर त्याने एकही धाव दिली नाही. ८⅓ इनिंग टाकून बाहेर आला. दुसऱ्या दिवशी सातवा सामना जिंकून वॉशिंग्टन विजेतं झालं आणि मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू स्ट्रासबर्ग ठरला.

२०९ अधिक ३६⅓. उत्तर येतं २४५⅓.

आणि करार किती दशलक्ष डॉलरचा? २४५. हा निव्वळ योगायोग आहे, कोणी बसून असा हिशेब केलेला नाही. तरी मला तो विलक्षण बोलका वाटतो. दहा लाखाला एक इनिंग, मालही आधीच मिळालेला. पुढच्या सात वर्षांत त्या हातातून जे निघालं ते त्या एका ऑक्टोबरपेक्षाही कमी होतं. ३१ आणि ३६. म्हणजे करार डिसेंबरमध्ये झाला तेव्हा हात जवळपास रिकामा झालेला होता, आणि तो रिकामा कुठे झाला हे सगळ्या शहराने टीव्हीवर पाहिलं होतं. त्या २४५ इनिंगमुळेच नसा गेल्या असं कोणी डॉक्टर छातीठोकपणे सांगणार नाही, मीही सांगत नाही. अशी झीज वर्षांनुवर्षांची असते. पण ती झीज ज्याच्या कामावर झाली, त्यानेच 'आमचं नुकसान झालं' म्हणावं हे मला पटत नाही.

आपल्याकडचं एक उदाहरण शेजारी ठेवून पाहा. २०२२ च्या लिलावात मुंबई इंडियन्सने जोफ्रा आर्चरला आठ कोटी रुपयांना घेतलं. कोपर दुखावलेलं आहे, त्या वर्षी तो खेळणार नाही, हे त्यांना माहीत होतं. त्या मोसमात मुंबई दहापैकी दहावी आली. २०२३ मध्ये तो आला, पाच सामने खेळला, दोन बळी घेतले आणि अर्ध्यावरून परत गेला. हा खरा जुगार: दुसऱ्याकडे झिजलेला हात आपल्याकडे चालेल या आशेवर घ्यायचा. वॉशिंग्टनने स्वतः झिजवलेला हात पुन्हा विकत घेतला. दहा वर्षांचे सगळे एक्स-रे, सगळे एमआरआय त्यांच्याच कपाटात होते. जगात या हाताबद्दल सर्वांत जास्त माहिती असलेला गिऱ्हाईक तोच होता. अशा माणसाला फसवणूक झाली म्हणायचा अधिकार सगळ्यात कमी.

मग त्यांनी असं का केलं? बावळटपणा म्हणावा तर तसंही नाही. स्ट्रासबर्गचा त्याआधी, २०१६ मध्ये, सात वर्षांचा साडेसतरा कोटींचा करार झाला होता. त्यात २०१९ नंतर बाहेर पडायची मुभा होती. ती त्याने वापरली तेव्हा चार वर्षं आणि दहा कोटी डॉलर मागे सोडले. तो बाहेर पडला नसता तर हे दहा कोटी वॉशिंग्टनला याच हातासाठी तसेही द्यावे लागले असते. जुगारात नवीन लावलेली रक्कम साडेचौदा कोटी, साडेचोवीस नव्हे. त्यातलेही आठ कोटींच्या आसपास नंतर, कराराची वर्षं सरल्यावर द्यायचे होते. हे सगळं यादी काढणारे सांगत नाहीत, कारण मग यादीची गंमत जाते.

दुसरी गोष्ट अँथनी रेंडनची, ती तर एखाद्या लोककथेत शोभावी अशी. २०१९ च्या त्याच संघातला तिसऱ्या बेसवरचा खेळाडू, तोही त्याच वेळी मोकळा झाला होता. मालक मार्क लर्नर यांनी जाहीरच सांगितलं की दोघांपैकी एकच परवडेल. त्यांनी पिचर निवडला. दोन दिवसांनी रेंडन लॉस एंजेलिस एंजल्सकडे गेला, किती वर्षं, किती पैसे? सात वर्षं, २४ कोटी ५० लाख. नेमकी तीच रक्कम. पिचरचा हात नाजूक, बॅटर घ्यायला हवा होता, असं तेव्हा शहाणे म्हणाले. २०२० पासून रेंडनने एकाही मोसमात ६० सामने पूर्ण केले नाहीत, आणि २०२५ चं अख्खं वर्ष कंबरेच्या सांध्याच्या शस्त्रक्रियेत गेलं. वॉशिंग्टनने डावीकडची वाट घेतली, एंजल्सने उजवीकडची, आणि दोघंही त्याच खड्ड्यात भेटले. उलट बाजूही सांगायला हवी. याच मालकांनी २०१५ मध्ये मॅक्स शर्झरला सात वर्षांसाठी २१ कोटी दिले होते, तोही तिशीतला पिचर, आणि तो करार पैन्‌पै वसूल झाला. तेच दुकान, तोच माल, तीच मुदत. एकदा शर्झर निघाला, एकदा स्ट्रासबर्ग.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. स्ट्रासबर्गचं नाव लोक घेतात ते त्याच्यासाठी नव्हे, करारातल्या हमीसाठी. बेसबॉलमध्ये करार झाला की पैसे पक्के. दुखापत झाली तरी मिळतात. अमेरिकन फुटबॉलमध्ये तसं सरसकट नाही, तिथे करारातली बरीचशी रक्कम कागदावरची असते. बेसबॉलमध्ये संघाच्या एकूण पगारावर कमाल मर्यादाही नाही. इथल्या चार मोठ्या खेळांपैकी फक्त याच एका खेळात नाही. मालक आणि खेळाडू संघटना यांच्यातला सध्याचा सामूहिक करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. मागच्या वेळी तो ठरताना ९९ दिवस टाळेबंदी झाली होती. या वेळी कमाल मर्यादेचा विषय निघणार आणि 'बघा, ३१ इनिंगला साडेचोवीस कोटी' हा दाखला टेबलावर येणार. स्ट्रासबर्गच्या कराराचं सातवं वर्षही २०२६ च.

हमी काढली तर काय होईल? माझं उत्तर त्या बधिर अंगठ्यात आहे. २०२० मध्ये अंगठा बधिर पडला तेव्हा स्ट्रासबर्गने तो सांगितला, आणि त्याला पहिल्या सामन्यातून बाहेर ठेवलं. उद्या पगार नाही हे माहीत असलेला पिचर सांगेल का? तो अंगठा लपवेल, मोज्याच्या आत दाबून ठेवेल, तसाच टाकेल. आत्ताच पिचर कमी मोडताहेत असं नाही. २००८ मध्ये मोठ्या लीगमधल्या वेगवान चेंडूची सरासरी ताशी ९१ मैलांच्या आसपास होती, २०२४ मध्ये ती ९४ च्या पुढे गेली. प्रत्येक संघ वेगच मागतो, वेगच मोजतो, वेगालाच पैसे देतो, आणि माणसाचा कोपर मात्र १९७४ मध्ये होता तेवढाच आहे. ज्याला हात हवा त्याने हाताच्या मोडण्याचीही जबाबदारी घ्यायची, एवढाच हमीचा अर्थ. २०१२ मध्ये रिझोंनी तो हात जपला, तो काही भूतदयेपोटी नव्हे. मोडला तर आपल्याला भोवेल हे त्यांना कळत होतं. भोवणार नसेल तर कोण जपतो?

माझ्या या सगळ्या म्हणण्यात एक भोक आहे, ते मीच दाखवतो. करार म्हणजे झालेल्या कामाची मजुरी असेल, तर रेंडनची मजुरी एंजल्सने का भरावी? त्याने त्यांच्यासाठी २०१९ मध्ये एक चेंडूही अडवला नव्हता. काम एकाकडे, बिल दुसऱ्याकडे. याचं उत्तर माझ्याकडे हमीच्या बाजूने नाही, व्यवस्थेच्या विरुद्ध आहे. बेसबॉलमध्ये खेळाडूला मोकळं व्हायला मोठ्या लीगमध्ये सहा वर्षं काढावी लागतात, आणि पहिली साधारण तीन वर्षं संघ देईल ते घ्यायचं. १९७५ पर्यंत तर खेळाडू आयुष्यभर एकाच मालकाला बांधलेला असे. कर्ट फ्लड त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७२ मध्ये हरला. १९७५ च्या डिसेंबरात एका लवादाच्या निर्णयाने ती बेडी तुटली. तुटली, पण तिच्या पहिल्या सहा कड्या राहिल्या. पिचरचा हात सगळ्यात ताजा नेमका त्याच सहा वर्षांत असतो. पिट्सबर्गच्या पॉल स्कीन्सला पाहा. २०२५ चा नॅशनल लीगचा सर्वोत्तम पिचर तो ठरला, एकमताने, आणि त्या वर्षीचा त्याचा पगार होता पावणेनऊ लाख डॉलर. तरुणांसाठीच्या बोनस-निधीतून वर काही भर पडते, तरी कुठे पावणेनऊ लाख आणि कुठे साडेतीन कोटी. स्वस्तात सोनं मिळतं तोवर कोणी मालक 'याला बाजारभाव देऊ' म्हणत नाही. मग तिशी ओलांडल्यावर एकदम सगळा थकलेला हिशेब कोणीतरी चुकता करतो आणि त्याला आपण जुगार म्हणतो.

म्हणून दुरुस्ती करायचीच तर त्या टोकाला करा. सहाची चार वर्षं करा, पैसे हात चालू असताना द्या. मग एकतिशीतल्या पिचरला सात वर्षं द्यायची वेळच कमी येईल.

वॉशिंग्टनच्या मालकांना मी एका गोष्टीसाठी खरोखर दोष देतो, ती कराराची नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बातमी आली की स्ट्रासबर्ग निवृत्त होतोय. नसांचं नुकसान एवढं की उजव्या हाताने दार उघडणंही अवघड जातं, असं छापून आलं होतं. ९ सप्टेंबरला निरोपाची पत्रकार परिषद ठरली. मग ती रद्द झाली. बेसबॉलमध्ये आपणहून निवृत्त झालेल्याला उरलेला पगार मिळत नाही; जखमी म्हणून नावावर राहिला तर मिळतो. त्यामुळे निवृत्ती ही देखील वाटाघाट असते, आणि त्या वाटाघाटीत पैशांवरून ताणलं गेल्याच्या बातम्या आल्या. कराराचा विमा उतरवलेला नव्हता, असंही वाचनात आलं. मालकांच्या निवेदनाचा सूर होता की देणं लागतो ते मिळेलच, आणि पुढच्या वसंतातल्या सराव शिबिराला स्टीफन येईल तेव्हा भेटूच. ज्याला दार उघडता येत नाही त्याला शिबिराचं आमंत्रण. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात ते याहून वेगळं नसतं. अखेर एप्रिल २०२४ मध्ये निवृत्तीची नोंद झाली, गाजावाजा न होता. पहिल्या सामन्याला चाळीस हजार माणूस जमवणारा खेळाडू कागदावरच्या एका ओळीने गेला.

आणि खरंच किती नुकसान झालं? लर्नर कुटुंबाने हा संघ २००६ मध्ये ४५ कोटी डॉलरला घेतला. २०२३ मध्ये फोर्ब्जने त्याची किंमत २०० कोटींच्या घरात धरली. स्टेडियम शहराने बांधून दिलं, ६० कोटींहून जास्त सरकारी पैसा घालून. २०२२ मध्ये संघ १०७ सामने हरला, हुआन सोटो या तरुण स्टार बॅटरला त्याच वर्षी सॅन डिएगोच्या संघाला देऊन टाकलं, आणि या सगळ्याचं एक सोयीचं कारण म्हणून तो उजवा हात दाखवता आला. एका हाताने १०७ सामने हरत नाहीत.

हे सगळं मी परवा मेहुण्याला फोनवर ऐकवलं. २४५ ची बेरीज त्याला आवडली. थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "त्ये समदं खरं दाजी. पर मालकाचं बी न्हाय गेलं, खेळाडूचं बी न्हाय गेलं. तिकीट तुमीच काढलं हुतं न्हवं?"

काढलं होतं. सहा जणांची तिकिटं, पार्किंग आणि एकेक हॉट डॉग, त्या रकमेत सांगलीत बारसं उरकतं. याला माझ्याकडे उत्तर नाही.

त्या दिवशीची एक गोष्ट त्याला तेव्हा कळली नव्हती, ती मात्र सांगितली. आम्ही दोघं मराठीत बोलत होतो, त्यात स्ट्रासबर्ग हे नाव तीन-चारदा आलं. पुढच्या रांगेतल्या आजोबांना तेवढंच कळलं असणार. ते वळले, आमच्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता रिकामा डावा हात छातीशी धरून मोजा घातल्यासारखा थरथर हलवला. मग पुन्हा मैदानाकडे वळून बसले.